उत्पन्नाची एक अट आणि चार जागा



या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी दोनदा वाचले. सोलापूरच्या एका भगिनीने ते लिहिले आहे. त्या घरी शिलाईकाम करतात, शाळांच्या गणवेशांची ऑर्डर घेतात. मुलगी इंजिनिअर झाली, पुण्यात एका लहान कंपनीत वेबसाइट तयार करण्याच्या कामाला लागली. घरात आनंद होता. आता आठ महिने झाले आणि मुलगी फोनवर रडते. म्हणते, ‘अम्मी, एक बटण दुरुस्त केलं की दुसऱ्या पानावरचं काहीतरी मोडतं. साहेब म्हणतात तुझा हात फार हळू चालतो. मला हे जमत नाही, मी सोडून येते.’ पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे : ‘मी ती वेबसाइट मोबाइलवर उघडून पाहिली. छान चालते, रंगही चांगले आहेत. मग हिला एवढा त्रास कशाचा? चूक माझ्या मुलीची आहे का?’

आपा, तुम्हाला छान दिसते ती कपड्याची सुलट बाजू. मुलगी दिवसभर उलट बाजूला बसलेली असते. शिलाई कशी घातली आहे, टाके किती ठिकाणी तुटले आहेत, ठिगळावर ठिगळ किती आहेत, हे तिलाच दिसते. तुमचे पत्र आले नसते तरी या विषयावर मी एकदा लिहिणारच होतो, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली होती आणि तिची किंमत दुसऱ्याच्या मुलाने भरली. ती आधी सांगतो.

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका शिष्यवृत्ती समितीसाठी मी अर्जाची वेबसाइट करून दिली होती. पैसे घेतले नव्हते. संध्याकाळी मगरिबनंतर बसायचे आणि दोन तास काम करायचे, असे महिनाभरात ते उभे केले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दीड लाखापेक्षा कमी असेल तरच अर्ज करता येईल, अशी अट होती. पुढच्या वर्षी समितीने ती अट अडीच लाखांवर नेली. मला फोन आला, ‘एवढा एक आकडा बदलून द्या.’ मी म्हणालो, पाच मिनिटांचे काम आहे.

मी सगळ्या फायलींमध्ये १५०००० हा आकडा शोधला. दोन ठिकाणी सापडला : अर्ज तपासणाऱ्या कोडमध्ये आणि छापील पावतीत. मग आठवले की पहिल्या पानावरच्या सूचनेत तो स्वल्पविरामांसह १,५०,००० असा लिहिला आहे, तोही बदलला. तीन जागा झाल्या. मी लॅपटॉप मिटला.

चौथी जागा होती ‘मी पात्र आहे का?’ या पानावर. तिथे लोक महिन्याचे उत्पन्न सांगतात म्हणून मी हिशेब महिन्याचा ठेवला होता. कोडमध्ये लिहिले होते, महिन्याचे उत्पन्न १२५०० पेक्षा जास्त असेल तर ‘आपण पात्र नाही’ असे दाखव. बारा महिन्यांचे दीड लाख होतात, हे मला माहीत होते, पण शोध घेणाऱ्या संगणकाला ते कसे माहीत असणार? अट तीच, फक्त वेगळ्या कपड्यात उभी होती.

मुदत संपल्यावर दहा-बारा दिवसांनी एक रिक्षाचालक गृहस्थ समितीच्या कार्यालयात आले. महिन्याला पंधरा हजार कमाई. मुलगा डिप्लोमाला. शेजारच्यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि आम्हाला ‘पात्र नाही’ कसे, एवढेच त्यांना विचारायचे होते. यादी मंजूर होऊन गेली होती. मुलाने त्या वर्षीची फी मामांकडून उसनी घेतली. त्याच्यासारखे आणखी किती जण ते एक वाक्य वाचून मोबाइल खिशात टाकून गेले, हे कळायला मार्गच नव्हता, कारण ते पान कोणाची नोंद ठेवत नव्हते.

हे सगळे काही फार अवघड तंत्रज्ञानामुळे झाले नाही. एक गोष्ट चार ठिकाणी लिहून ठेवली, एवढेच झाले.

आता ज्यांना हे क्षेत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वेबसाइटचा जो भाग आपल्या मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर दिसतो आणि आपल्या बोटाला प्रतिसाद देतो, त्याला फ्रंट-एंड म्हणतात. तो तीन भाषांत लिहिलेला असतो. एचटीएमएल मजकूर आणि त्याची मांडणी सांगते, सीएसएस रंगरूप सांगते, आणि जावास्क्रिप्ट हालचाल सांगते : बटण दाबले तर काय, रकाना रिकामा असेल तर काय. जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत तयार केला होता. पानावर थोडीशी जान यावी, एवढीच तेव्हा अपेक्षा होती. आज बँकेचे व्यवहार, रेल्वेचे तिकीट, शाळेचा प्रवेश, सगळे याच भाषेवर चालते. लहान ओट्यासाठी घातलेल्या पायावर चार मजले चढले आहेत, असे समजा.

या कामातला मोठा वेळ नवीन लिहिण्यात जात नाही. जुने वाचण्यात आणि बदलण्यात जातो. आपांच्या मुलीला ‘हळू हात’ म्हणणाऱ्या साहेबांना हे माहीत असायला हवे होते.

पुनरावृत्ती का होते, याचे सरळ उत्तर आळस असे दिले जाते. मला ते पटत नाही. बहुतेक वेळा ती भीतीपोटी होते. नवीन मुलगा किंवा मुलगी कामाला लागते. समोर चारशे ओळींचे एक फंक्शन असते, लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. त्यात एक छोटा बदल करायचा आहे. हात लावला आणि काही मोडले तर? म्हणून ती सगळी नक्कल करते, नक्कलेला नवे नाव देते आणि तिच्यात बदल करते. जुने जसेच्या तसे राहते, नवे चालू लागते, संध्याकाळी सगळे खूश. आता चारशेच्या आठशे ओळी झाल्या. पुढे येणाऱ्याला दुप्पट भीती, म्हणून तो तिसरी नक्कल करतो.

आपा, तुम्ही चाळीस गणवेश शिवता तेव्हा कॉलरचे माप प्रत्येक कापडावर नव्याने काढत नाही. कागदाचा एक फर्मा कापून ठेवता. शाळेने कॉलर अर्धा इंच लहान करायला सांगितली तर फर्मा बदलता. फर्मा नसता तर चाळीस ठिकाणी खडू फिरवावा लागला असता, आणि एकोणचाळीस बरोबर आले तरी चाळिसाव्या मुलाची आई भांडायला आलीच असती.

अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस या दोघांनी १९९९ साली ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या पुस्तकात याला एक नाव दिले. त्याचा अर्थ ‘स्वतःला पुन्हा पुन्हा सांगू नका’ असा घेतला जातो आणि लोक दिसायला सारख्या ओळी शोधत बसतात. पण त्या दोघांचा रोख ओळींवर नव्हता, ज्ञानावर होता. एखादी माहिती, एखादा नियम, संपूर्ण व्यवस्थेत एकाच अधिकृत जागी असावा. माझ्या चुकीत १५०००० आणि १२५०० या दोन ओळी दिसायला अजिबात सारख्या नव्हत्या, तरी ज्ञान एकच होते. नकला शोधून देणारी साधने मिळतात आणि ती उपयोगीही आहेत, पण अशी नक्कल त्यांना दिसत नाही. ती माणसालाच दिसते, तीही ‘हा आकडा आला कुठून?’ असे विचारणाऱ्या माणसाला.

फ्रंट-एंडमध्ये अशा जागा ठरलेल्या असतात. पहिली तारीख. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे ०, डिसेंबर म्हणजे ११. म्हणून प्रत्येक ठिकाणी एक मिळवावा लागतो. सात पानांवर सात वेळा तारीख छापली असेल तर एखाद्या ठिकाणी एक मिळवायचे राहतेच आणि जूनची मुदत मेची दिसते. दुसरी गंमत त्याहून चमत्कारिक. ‘२०२४-०६-३०’ अशी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने नुसती तारीख दिली तर जावास्क्रिप्ट ती जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र समजते. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच झालेले असतात, म्हणून तारीख तीच दिसते आणि पुण्यात बसून तपासणाऱ्याला काहीच चुकल्यासारखे वाटत नाही. आखातातही तीच तारीख दिसते. पण अमेरिकेत राहणारे मामूजान तेच पान उघडतात तेव्हा तिथे अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. त्यांना २९ जून दिसते. हे एकदा समजून घेऊन एकाच फंक्शनमध्ये बंद करून ठेवावे आणि सगळ्या पानांनी तेच वापरावे. नाहीतर सात ठिकाणी सात जणांनी हा धडा स्वतंत्रपणे शिकायचा.

दुसरी जागा आकड्यांची. लाखाच्या हिशेबाने स्वल्पविराम घालायला मी स्वतः निदान चार वेळा वेगवेगळे कोड लिहिले आहे, आणि त्यातले एक ऋण आकड्यांना चुकत होते. नंतर कळले की ब्राउझरमध्येच ती सोय आहे. भारतीय पद्धत हवी एवढे सांगितले की १,५०,००० असे तो स्वतः लिहून देतो. मराठी सांगितले तर अंकही देवनागरी देतो. रकाना रिकामा आहे का हे तपासणे, तारीख निवडायचे कॅलेंडर, उघडझाप होणारा मजकूर, यांपैकी बरेच काही आता एचटीएमएलमध्ये तयार मिळते. न लिहिलेल्या कोडमध्ये चूक नसते.

तिसरी जागा सीएसएसची. संस्थेचा हिरवा रंग शंभर ठिकाणी सांकेतिक आकड्यात लिहिलेला असतो. कोणी एक छटा गडद करायला सांगते आणि नव्वद ठिकाणी ती होते. आता सीएसएसमध्ये रंगाला एकदा नाव देऊन सर्वत्र ते नाव वापरता येते, त्यामुळे हा त्रास कमी झाला आहे. दुसरे दुखणे मात्र अजून आहे. दोन नियम एकमेकांविरुद्ध गेले की कोणता जिंकेल याचे सीएसएसचे स्वतःचे गणित आहे. ते समजून घ्यायला वेळ नसला की लोक नियमाला ‘इम्पॉर्टंट’ची शेपटी लावतात. ती लावली की नियम इतरांवर मात करतो. मग दुसऱ्याला त्याच्यावर मात करायची असते, तोही शेपटी लावतो. ज्या घरात सगळेच ओरडून बोलतात तिथे कोणाचे ऐकू येत नाही, तशी गत होते.

पुनरावृत्तीपेक्षा अवघड आजार गुंतागुंतीचा. नक्कल निदान डोळ्यांना दिसते. गुंतागुंत मात्र हळूहळू चढते. फंक्शनमध्ये आधी एक ‘जर’ असतो. मग समिती म्हणते मुलींना वेगळी सवलत, दुसरा ‘जर’. अनाथ मुलांना उत्पन्नाची अट नाही, तिसरा. मागच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली असेल तर गुणांची अट, चौथा, आणि तो दुसऱ्याच्या पोटात. कोडच्या ओळी उजवीकडे सरकत सरकत पानाबाहेर जातात.

हे मोजायची पद्धत थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली मांडली. कल्पना साधी आहे : फंक्शनमध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत स्वतंत्र वाटा किती? एकही फाटा नसेल तर १. प्रत्येक ‘जर’, प्रत्येक फेरा एकाने वाढवतो. हा आकडा म्हणजे साधारण तेवढ्या चाचण्या लिहाव्या लागतील असाही अर्थ होतो. जावास्क्रिप्ट तपासणारे ईएसलिंट नावाचे मोफत साधन हा आकडा मोजून देते. त्यात या नियमाची मर्यादा वेगळे काही सांगितले नाही तर २० धरलेली असते. माझ्या मते ती फार सैल आहे. दहाच्या पुढे गेले की मी थांबून पाहतो. पण चालू वेबसाइटवर पहिल्याच दिवशी मर्यादा दहा लावली तर पडदा लाल होतो आणि मुली रडतात, म्हणून आधी आहे तिथे मर्यादा ठेवावी आणि दर महिन्याला थोडी खाली आणावी.

गुंता सोडवायचे तीन उपाय मी रोज वापरतो, आपांच्या मुलीसाठी ते जरा सविस्तर लिहितो.

नकार आधी द्यावा. अर्जदाराचे वय बसत नसेल तर तिथेच उत्तर देऊन फंक्शनमधून बाहेर पडावे. कागदपत्रे नसतील तर तिथेच बाहेर. असे केले की पुढची ओळ वाचताना ‘हे कोणत्या जरच्या आत आहे’ हे डोक्यात धरून ठेवावे लागत नाही. सरकारी कार्यालयात पहिल्या खिडकीवरच ‘झेरॉक्स नाही, घेऊन या’ असे सांगितले तर बरे. चौथ्या खिडकीवर सांगितले तर जीव जातो.

दुसरे, जिथे फक्त ‘याला हे, त्याला ते’ एवढेच असते तिथे जरांची रांग लावू नये, तक्ता करावा. अकरावीला इतकी रक्कम, डिप्लोमाला इतकी, पदवीला इतकी. तक्ता कोडच्या बाहेर एका जागी. समितीचा हिशेबनीसही तो वाचू शकतो आणि चूक दाखवू शकतो. माझ्या वेबसाइटवर हे झाल्यावर समितीच्या एका वयस्क सदस्यांनी पहिल्या नजरेत दोन जुन्या रकमा पकडल्या. कोड वाचून त्या त्यांना कधीच सापडल्या नसत्या.

तिसरे सर्वांत महत्त्वाचे, आणि आजच्या रिअॅक्टसारख्या साधनांत काम करणाऱ्यांचे निम्मे हाल याच्यामुळे होतात. जी गोष्ट दुसऱ्या गोष्टीवरून काढता येते ती वेगळी साठवू नये. वस्तूंची यादी साठवली आहे, मग एकूण रक्कम वेगळी साठवायची गरज नाही. ती बेरीज आहे, हवी तेव्हा करावी. वेगळी साठवली की यादीतून एक वस्तू काढल्यावर बेरीज बदलायची आठवण कोणीतरी ठेवावी लागते. हीसुद्धा नक्कलच आहे, फक्त ती चालत्या कोडमध्ये जन्मते. तसेच ‘माहिती येत आहे’, ‘चूक झाली’, ‘काम झाले’ अशा तीन वेगळ्या हो-नाही खुणा लोक ठेवतात. तीन खुणांच्या आठ जोड्या होतात. खऱ्या आयुष्यात स्थिती चारच : अजून सुरू नाही, चालू आहे, चुकले, झाले. उरलेल्या चार जोड्यांना अर्थच नाही. पण कोड त्यांना मनाई करत नाही, म्हणून कधीतरी पडद्यावर ‘अर्ज जमा झाला’ आणि ‘चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा’ एकाच वेळी दिसते. घाबरलेला विद्यार्थी पुन्हा बटण दाबतो आणि दोन अर्ज जातात. तीन खुणांऐवजी चारपैकी एक किंमत घेणारी एकच ‘स्थिती’ ठेवली तर ही चूक लिहिताच येत नाही.

इथपर्यंत वाचून कोणी उत्साहाने सगळ्या सारख्या दिसणाऱ्या ओळी एकत्र करायला निघेल. त्याला थांबवतो. पिनकोड सहा अंकी असतो. ओटीपीही बऱ्याच ठिकाणी सहा अंकी असतो. दोन्हींसाठी ‘सहा अंक आहेत का’ एवढेच तपासणारे एकच फंक्शन केले, छान दिसले. काही महिन्यांनी कोणाच्या लक्षात आले की भारतात पिनकोड शून्याने सुरू होत नाही, म्हणून त्याने त्या फंक्शनमध्ये शून्याला बंदी घातली. ओटीपी मात्र शून्याने सुरू होऊ शकतो. आता दहांतल्या एकाला साइटमध्ये शिरता येईना, आणि पुन्हा ओटीपी मागवला की बहुधा शिरता येई, त्यामुळे तक्रार खरी की खोटी हेच कळेना. दोन गोष्टी दिसायला सारख्या होत्या, पण त्या बदलण्याची कारणे वेगळी होती. एकाचे कारण टपाल खाते, दुसऱ्याचे कारण सुरक्षा. सॅंडी मेट्झ या अमेरिकन प्रोग्रामर बाईंनी हे फार ठासून सांगितले आहे की चुकीच्या एकत्रीकरणापेक्षा नक्कल स्वस्त पडते. मीही या मताचा झालो आहे. दोनदा दिसले तर सोडून द्यावे. तिसऱ्यांदा दिसले की विचार करावा, आणि तेव्हाही आधी विचारावे : यातले एक बदलले तर दुसरे नक्की बदलेल का? आधी चुकून एकत्र केलेले असेल तर पुन्हा वेगळे करायला लाजू नये.

दुसऱ्याचे तयार कोड उसने घेतानाही हाच विवेक हवा. २०१६ च्या मार्चमध्ये एका प्रोग्रामरने रागाने आपली सगळी छोटी पॅकेजेस सार्वजनिक भांडारातून काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे एक होते, मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारे, अवघ्या ११ ओळींचे. जगभरातले असंख्य प्रकल्प थेट किंवा आडवळणाने त्यावर अवलंबून होते. ते तयार होईनासे झाले आणि काही तासांत ते पॅकेज परत ठेवावे लागले. अकरा ओळी घरी लिहिता येतात.

मग जुन्या कोडला हात लावायचा कसा? मार्टिन फाउलर यांचे ‘रिफॅक्टरिंग’ हे पुस्तक १९९९ साली आले. २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी उदाहरणे जावास्क्रिप्टमध्ये दिली, त्यामुळे फ्रंट-एंडवाल्यांची मोठी सोय झाली. रिफॅक्टरिंग म्हणजे बाहेरून दिसणारे वागणे न बदलता आतली रचना सुधारणे. यातले ‘न बदलता’ हे अर्धे वाक्य लोक विसरतात. ते पाळायचे तर आधी चाचण्या हव्यात. कोडच्या पोटात काय आहे ते कळत नसले तरी बाहेरून पाहता येते : उत्पन्न एवढे टाकले तर काय उत्तर येते? आज जे येते ते लिहून ठेवावे, चुकीचे वाटले तरी. अशा पंधरा-वीस नोंदी झाल्या की मग एक लहान बदल, चाचण्या, पुन्हा एक लहान बदल. रचना सुधारणे आणि नवीन सोय घालणे ही दोन कामे एकाच वेळी करू नयेत, गिटमध्येही त्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. काही बिघडले तर कोणत्या टाक्याने बिघडले ते मग लगेच सापडते.

आणि ‘हे सगळे फेकून नव्याने लिहू’ या मोहापासून दूर राहावे. नेटस्केपने तेच केले. १९९७ साली चौथी आवृत्ती आली, मग ब्राउझर मुळापासून लिहायचे ठरले, पाचवी आलीच नाही आणि सहावी २००० च्या नोव्हेंबरात आली. तोपर्यंत बाजार मायक्रोसॉफ्टच्या हातात गेला होता. त्या पराभवाला इतरही कारणे होती, पण तीन वर्षे दुकान बंद ठेवणे कोणालाच परवडत नाही.

आपा, मुलीला सांगा, साहेबांकडे ‘सफाईसाठी दोन महिने द्या’ अशी मागणी करू नकोस, ती मान्य होत नाही. ज्या पानावर काम आले आहे तेवढाच कोपरा झाडून पुढे जा. एका फंक्शनला नीट नाव दे, एक आकडा त्याच्या जागी नेऊन ठेव. आणि आठवड्यात कोणती चूक कशामुळे झाली, ती किती ठिकाणी दुरुस्त करावी लागली, याची एक साधी वही ठेव. तीन महिन्यांनी ती वही साहेबांसमोर ठेवली तर हात हळू आहे की कोड गुंतलेला आहे, यावर निदान बोलणे तरी होईल. त्यानंतरही ते ऐकत नसतील तर दुसरी नोकरी शोधायला हरकत नाही, पण क्षेत्र सोडू नकोस.

एखाद्या रात्री ती फोनवर म्हणाली, ‘अम्मी, आज मी तीनशे ओळी काढून टाकल्या,’ तर दिवस वाया गेला असे समजू नका. अॅपल कंपनीत १९८२ साली व्यवस्थापकांनी प्रत्येकाने आठवड्यात किती ओळी लिहिल्या ते अर्जावर भरायला सांगितले होते. बिल अॅटकिन्सन यांनी त्याच आठवड्यात चित्रे काढण्याच्या प्रणालीचा एक भाग सोपा करून सुमारे दोन हजार ओळी कमी केल्या होत्या, आणि तो भाग आधीपेक्षा कितीतरी वेगाने चालू लागला होता. त्यांनी रकान्यात ‘उणे २०००’ असे लिहिले. काही आठवड्यांनी त्यांना तो अर्ज भरायला सांगणे बंद झाले.

माझ्या वेबसाइटवर आता उत्पन्नाची अट एकाच फाइलमध्ये एका ओळीत आहे. महिन्याचा आकडा तिच्यावरूनच भागाकार करून निघतो, सूचनेतला आकडाही तिथूनच छापला जातो. ‘पात्र नाही’ असे उत्तर मिळालेल्यांची, नाव न विचारता, संख्या मोजली जाते आणि त्या वाक्याखाली समितीच्या कार्यालयाचा फोन नंबर दिसतो. गेल्या वर्षी समितीने अट पुन्हा वाढवली. बदल करायला एक मिनिट लागले. त्यानंतर चारही पाने मी वेगवेगळे आकडे टाकून रात्री अकरापर्यंत तपासत बसलो होतो.

पुढच्या महिन्यात नागपूरच्या एका वाचकांच्या प्रश्नावर लिहीन : आजोबांच्या मोबाइलवर अक्षरे मोठी केली की वेबसाइटची बटणे पडद्याबाहेर का जातात?